पोचलास का, जेवलास का, ओटीपी आला का?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती आणि गणपती बुडवून दमलेली गावं गाढ झोपली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्याच्या शिवेवरची दगडमातीची माळवदं आतल्या माणसांवर बसली. केंद्र किल्लारीचं, पण त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेलं आणि आता लोहारा तालुक्यात गेलेलं सास्तूरही त्याच पहाटे जमीनदोस्त झालं. जवळपास दहा हजार माणसं गेली. बाहेरच्या जगाला ही खबर गावांनी दिली नाही, त्यांना ती देताच आली नाही. मुंबईत खिडक्या थरथरल्या म्हणून मुख्यमंत्री शरद पवारांनी कोयनेला फोन लावला आणि तिथल्या भूकंपमापकावरून किल्लारीचं नाव कळलं, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. ढिगाऱ्याखालच्या माणसाला ओरडण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. वर राहिलेल्याला पुढचं गाव गाठायचं तर पायी किंवा सायकलीवर जावं लागत होतं.

बत्तीस वर्षांनी, सप्टेंबर २०२५ मध्ये, याच धाराशिव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला परंडा आणि भूम तालुक्यांत पाणी घुसलं. २२ तारखेला घटस्थापना होती. ज्या रानात सोयाबीन काढायला आलं होतं तिथून नदी वाहत होती, आणि पत्र्यावर, गच्चीवर चढलेली माणसं तिथूनच फोन लावत होती. घराभोवती चढणाऱ्या पाण्याचे व्हिडिओ आणि जागेचं लोकेशन गावाच्या ग्रुपवरून तहसीलपर्यंत, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांपर्यंत आणि बातमीदारांपर्यंत जात होतं. एनडीआरएफच्या बोटी आल्या, हेलिकॉप्टर आलं. परंडा तालुक्यातल्या वडनेरला खासदार ओमराजे निंबाळकर जवानांसोबत पाण्यात उतरले, तो व्हिडिओ दिवस उजाडायच्या आत राज्यभर पोचला होता.

या दोन सप्टेंबरांच्या मधल्या काळात धाराशिव जिल्ह्यातल्या माणसांचं एकमेकांशी बोलणं मुळापासून बदललं. २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाख लोकवस्ती असलेला, आठ तालुक्यांचा हा जिल्हा २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, म्हणजे विकासात मागे राहिलेला. तरी इथला क्वचितच एखादा उंबरा मोबाइलविना असेल. फोन चांगला की वाईट हा वाद त्यामुळे आता जुना झाला. खरा प्रश्न असा आहे की फोनमुळे कुणाचा आवाज लांब गेला आणि कुणाचा घरातच राहिला.

आधी फोन नव्हता तेव्हा निरोप होता. गावात काही कळवायचं तर कोतवाल दवंडी द्यायचा, आणि ती सगळ्यांना एकाच वेळी ऐकू यायची. मयताचा सांगावा घेऊन माणूस सायकलवर किंवा मिळेल त्या एसटीने सोयऱ्यांच्या गावी जायचा. पंचमीला लेकीला आणायला तिचा भाऊ मुराळी होऊन जायचा. नुसता निरोप चालायचा नाही, माणूस दारात उभा राहावा लागायचा. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. लग्नपत्रिकेवर ‘पीपी’ लिहिलेले नंबर आले. फोन किराणा दुकानदाराचा किंवा शेजारच्या गुरुजींचा, आणि नाव आपलं. पलीकडून सांगायचे, ‘पाच मिनिटांनी परत लावा, बोलावून आणतो.’ मग पोरगं पळत जायचं, बाई हात पुसत यायची आणि दुकानात उभ्या चार गिऱ्हाइकांसमोर नवऱ्याशी बोलायची. अशा वेळी बोलण्यासारखं फारसं काही उरायचं नाही. ‘बरं हाय ना? पैसे पोचले का?’ एवढंच.

भारतातला पहिला मोबाइल फोन ३१ जुलै १९९५ ला लागला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना तो लावला होता. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पैसे पडत आणि आलेल्या फोनलाही मोजावे लागत. २००३ मध्ये येणारा फोन फुकट झाला आणि हे साधन शेतमजुराच्या खिशात जायची वाट मोकळी झाली. ज्याला लावायला पैसे नाहीत त्याला आता घेता तरी येणार होतं. तिथूनच मिस्ड कॉलची एक भाषा जन्माला आली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू लाव, संध्याकाळी ठरल्या वेळेला एक म्हणजे सगळं ठीक. एक पैसाही खर्च न करता आईला झोप लागेल एवढी खबर द्यायची ही युक्ती कुठल्याही कंपनीने शोधलेली नव्हती. ती पैसे मोजून वापरणाऱ्या माणसांची होती.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. जिथे एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजत होते तिथे रोजचा डेटा जवळपास फुकटात पडायला लागला, आणि मिस्ड कॉलची भाषा दोन-तीन वर्षांत विसरली गेली. या टप्प्यावर सगळ्यात मोठा फायदा झाला तो ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली. व्हॉट्सअॅपने २०१३ मध्ये आवाजी निरोपाची सोय दिली. अक्षराच्या भीतीने आयुष्यभर दुसऱ्याकडून पत्र लिहून घेणारी, दुसऱ्याकडूनच वाचून घेणारी आजी आता बटण दाबून धरते आणि बोलते. पत्रात तिची भाषा लिहिणाऱ्याची व्हायची. ‘चिरंजीवास अनेक आशीर्वाद’ हे तिचे शब्द नव्हतेच. व्हॉइसमध्ये ती तिच्या बोलीत असते. उमरगा-लोहाऱ्याकडे ‘काय करूलालास? कधी येऊलालास?’ असं बोलतात. हे ‘लालास’ कुणी टाइप करत नाही. टाइप करताना माणसं शाळेतली मराठी आणतात किंवा रोमन लिपीत तोडकंमोडकं लिहितात. आवाजाच्या निरोपात मात्र ही बोली पुण्याच्या हिंजवडीपर्यंत जाते आणि तिथल्या पोराला चारचौघांत कानाला लावून ऐकावी लागते. बोली टिकवण्यासाठी परिसंवाद पुष्कळ झाले, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत भरलं. पण बोलीला रोजचं, पोटापाण्याइतकं साधं काम दिलं ते या बटणाने.

याचा खरा अर्थ पाहायचा तर उसाच्या फडावर जावं. कळंब, वाशी, भूम या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात राहायचं. पूर्वी लेकरं एकतर कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बरोबर असायची आणि शाळा बुडायची, नाहीतर गावी म्हाताऱ्यांकडे राहायची आणि सहा महिने आईबापाचं तोंड दिसायचं नाही. आता संध्याकाळी मोळ्या भरून झाल्या की ट्रॅक्टरवाल्याकडे किंवा टपरीवर चार्जिंगला लावलेला फोन परत घेतला जातो. कोपीच्या पुढे चूल पेटलेली असते. आई भाकरी थापते, बाप फोन धरतो. पलीकडे पोरगं वही कॅमेऱ्यासमोर आणून दाखवतं, अक्षर दिसत नाही, बाप ‘दिसलं, दिसलं’ म्हणतो. आई हाताचं पीठ फोनला लागू नये म्हणून लांबूनच विचारते, ‘जेवलास का?’ पाच मिनिटांत चित्र अडकतं. हंगामी वसतिगृहं आहेत, तिथेही अशाच संध्याकाळी असतात. या पाच मिनिटांनी स्थलांतर थांबत नाही, उचलही फिटत नाही. तरीही ही सोय किरकोळ मानणाऱ्याने लेकरू मागे ठेवून जाणाऱ्या आईला एकदा विचारून पाहावं.

फोनमुळे फडावरचा मजूर घराजवळ आला हे जसं खरं, तसंच तो मुकादमाच्याही जवळ आला. आजारी पडून गावी परतलेल्या कोयत्याला पूर्वी शोधत यावं लागे, आता दिवसातून दहा वेळा फोन येतो.

शेतमालाच्या भावाचंही तसंच. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये केरळच्या किनाऱ्यावरचा अभ्यास मांडला. मोबाइल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांचे भाव विचारू लागले, मासळी वाया जाणं थांबलं, त्यांचा नफा आठ टक्क्यांच्या आसपास वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी स्वस्त मिळाली. मोबाइलमुळे बाजार कसा सुधारतो याचा दाखला म्हणून हा अभ्यास जगभर दिला जातो. धाराशिवचा सोयाबीनवाला शेतकरीही सकाळी चहाच्या आधी लातूर बाजार समितीचा दर फोनवर पाहतो. पण २०२४-२५ च्या हंगामात ४,८९२ रुपये क्विंटल हमीभाव जाहीर असताना बाजारातले दर बहुतेक काळ त्याच्या खालीच फिरत राहिले. मच्छीमाराला पलीकडच्या बंदरात नाव वळवता येत होती. इथे आडत्याची उसनवारी डोक्यावर, लेकीचं लग्न तोंडावर आणि साठवायला जागा नाही. भाव ठाऊक होऊनही त्याला नाव वळवायला जागाच नाही.

सोयरीक-भावकीतल्या बोलण्याकडे वळलं तर तिथला बदल जास्त गुंतागुंतीचा आहे. आता गावाचा एक ग्रुप, भावकीचा एक, दहावीच्या बॅचचा एक, शाळेच्या पालकांचा एक, शिवाय पाणीपट्टी आणि लाइटसाठी ग्रामपंचायतीचा एक. डीपी जळाली की लाइनमनच्या घरी जायच्या आधी ग्रुपवर फोटो पडतो. मयताची बातमी अर्ध्या तासात चारशे माणसांना कळते आणि मातीची वेळही त्यातच असते, त्यामुळे लांबचा सोयराही वेळेवर पोचतो. ही सोय मोठी आहे. पण दवंडी सगळ्यांना ऐकू यायची, ग्रुप फक्त त्यात असणाऱ्यांना ऐकू येतो. ग्रामसभेची सूचना ग्रुपवर टाकली म्हणजे गावाला कळवलं, असं गृहीत धरलं जातं. पारधी वस्तीवरची माणसं, एकटी राहणारी म्हातारी, बटणांचा साधा फोन वापरणारा सालगडी त्या ग्रुपमध्ये आहेत की नाहीत, हे कुणी विचारत नाही. ग्रुपमध्ये कोण राहील हे अॅडमिनच्या हातात असतं, आणि गावातल्या भांडणात ‘ग्रुपमधून काढलं’ ही तक्रार आता बांधाच्या तक्रारीइतकीच गंभीरपणे सांगितली जाते.

अशाच ग्रुपांनी काय केलं हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ ला पाहिलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते, असे संदेश त्या काळात फोनाफोनांवर फिरत होते. मारले गेलेले बहुतेक जण धाराशिवच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. गोसावी, वासुदेव, जोशी ही भटकी माणसं पिढ्यान्पिढ्या गावोगावच्या खबरा इकडून तिकडे नेत आली. पावसानंतर कोण येणार, सुगीला कोण येणार, हे गावाला ठाऊक असायचं. त्यांना ओळखणारी म्हातारी माणसं अजून होती, पण त्या दिवशी कुणी त्यांना विचारलं नाही. लोकांनी दारात उभ्या माणसापेक्षा हातातल्या संदेशावर जास्त विश्वास ठेवला. त्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. मर्यादेने वेग कमी होतो. अनोळखी माणसाला पाणी देऊन त्याचं गाव विचारायची रीत त्याने परत येत नाही.

राजकारणही फोनच्या तालावर आलं. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला, त्याची दृश्यं त्याच संध्याकाळी मराठवाड्याच्या प्रत्येक गावात पोचली आणि मनोज जरांगे हे नाव एका रात्रीत घरोघरी गेलं. पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक एका गावात लागले की त्यांचा फोटो पाहून दुसऱ्या गावात लागत होते. दोन महिन्यांनी आंदोलन पेटलं तेव्हा मराठवाड्यात काही ठिकाणी सरकारने आधी इंटरनेट बंद केलं. धाराशिवमध्ये याचं आणखी एक रूप दिसतं. खासदारांनी गावकऱ्याचा फोन उचलला, तिथूनच अधिकाऱ्याला लावला, आणि ते संभाषण हजारो लोकांनी ऐकलं, अशा ध्वनिफिती इथून सतत फिरतात. तक्रारीला उत्तर मिळतं हे चांगलंच. पण आपलं बोलणं रेकॉर्ड होतंय हे आता तलाठ्यापासून ग्रामसेवकापर्यंत प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि माणसं समोरच्याशी कमी आणि उद्या ऐकणाऱ्यांशी जास्त बोलायला लागली आहेत.

या सगळ्या गलक्यात उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीने २०२२ मध्ये एक साधा निर्णय घेतला. संध्याकाळी सहाला भोंगा वाजणार, आठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने सात ते साडेआठ अशी वेळ ठरवली होती, तर यवतमाळमधल्या बांशीने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला होता. तिन्ही गावं कोरोनाच्या टाळेबंदीतून बाहेर आली होती. त्या काळात शाळेनेच मुलांच्या हातात फोन दिला, अभ्यास व्हॉट्सअॅपवर आला, आणि शाळा उघडल्यावर तो फोन हातातून सुटेना. तिन्हींत जकेकूरवाडीची आणि वडगावची रीत जास्त शहाणपणाची वाटते. बंदी एकट्या मुलांवर लादली की ती लपून मोडतात. भोंगा वाजला की बापालाही फोन खाली ठेवावा लागतो, मालिका आईलाही सोडावी लागते. शिवाय अख्ख्या गावाने एकाच वेळी बंद केल्यामुळे ‘माझाच मेसेज चुकेल’ ही धास्ती राहत नाही, कारण पलीकडूनही कुणी पाठवत नसतं. दोन तासांपुरतं का होईना, सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येणारी दवंडी गावात परत आली, असंच म्हणायला हवं.

बाईच्या हातातल्या फोनबद्दल मात्र अजून स्पष्ट बोललं जात नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता, आणि कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. घरात फोन असणं आणि बाईला फोन असणं यात अंतर आहे. सुनेचा फोन कुणाकुणाला लागतो, कितीला लागतो, यावर घरात डोळा असतो. कॉलेजला जाणाऱ्या पोरीचा फोन घरी आल्यावर तपासला जातो. आणि तरीही त्याच फोनवरून माहेरी रोज बोलता येतं, ही गोष्ट गेल्या पिढीतल्या बाईच्या स्वप्नातही नव्हती. सासरी काय चाललंय ते आईला पंचमीपर्यंत थांबून कळायचं, आता त्याच रात्री कळतं. भूकंपाच्या पुनर्वसनातून प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’सारख्या संस्थांनी या पट्ट्यात बायकांच्या हातात एकेक एकर रानाचा निर्णय दिला, त्यांची खाती उघडली. जिथे बाईचा पैशावर हात आला तिथे फोनवरही तिचा हक्क सांगायला जागा झाली. नुसता हँडसेट आल्याने ती होत नाही.

हा फरक सगळ्यात जास्त टोचतो तो माणूस सरकारशी बोलायला जातो तेव्हा. २०२० च्या खरिपात ऑक्टोबरच्या पावसाने उस्मानाबादचं सोयाबीन कुजलं. नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत अॅपवर किंवा टोल फ्री नंबरवर दिली नाही म्हणून विमा कंपनीने बहुतेकांना भरपाई नाकारली. रानात चिखल, वीज गेलेली, नेटवर्क नाही, अशा तीन दिवसांत एक फोन न लागण्याची किंमत साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांना मोजावी लागणार होती. ते कोर्टात गेले, आणि मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे लोक शिकले. पीक पडलं की आधी फोटो, मग अॅप, मग मोडणी. २०२१ पासून ई-पीक पाहणीही फोनवर आली होतीच. पण २०२५ च्या खरिपापासून राज्याने विमा योजनाच बदलली, वैयक्तिक नुकसानीच्या सूचनेची सोय काढून भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवली. म्हणून त्या सप्टेंबरात परंड्या-भूमच्या शेतकऱ्याने वाहून गेलेल्या रानाचे जे फोटो काढले ते पंचनाम्याला उपयोगी पडले, विम्याला नाही.

पाणी ओसरल्यावर मदतीसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागला. नसेल तर ई-केवायसी. त्याच सुमारास ‘लाडकी बहीण’ योजनेच्या दीड हजारासाठीही ई-केवायसी सुरू झाली होती. बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी, आणि नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारवर दुसरा. ज्यांना नवराही नाही आणि बापही नाही अशांचं काय, हा प्रश्न आधी बायकांना पडला आणि नंतर सरकारला.

तालुक्याच्या सेवा केंद्रावर त्या दिवसांत बाहेरच्या बाकड्यावर बायका बसलेल्या असायच्या. आत पोरगा संगणकावर नंबर टाकायचा आणि बाहेर ओरडायचा, ‘मावशी, ओटीपी गेलाय, बघा.’ मावशीच्या हातातला फोन गप्प, कारण आधारला जोडलेला नंबर लेकाचा, आणि लेक चाकणला पहिल्या पाळीत. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. दहा मिनिटं झाली की नंबर मरतो, मग पुन्हा पाठवायचा. दुपारी तीनला पाळी सुटते तोवर ती तिथेच बसून राहते, भाकरीचं फडकं मांडीवर. तीनला फोन लागतो, ती सहा आकडे एकेक करून मोठ्याने म्हणते, पोरगा आत टाकतो, हिरवी खूण येते. पुढची बाई उठते. मावशी फोन तसाच कानाला धरून उन्हात येते आणि विचारते, ‘जेवलास का रं? का तसाच हाईस?’